आधी टायर, मग पांढरा पट्टा

(जुन्या गाड्यांविषयी वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं. या वेळी व्हाइटवॉल, म्हणजे कडेवर पांढरा पट्टा असलेल्या, टायरबद्दलची पत्रं एकदम आली, म्हणून कार्ब्युरेटर आणि वायरिंगचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ.)

प्रश्न: वडिलांनी 1966 साली घेतलेली फियाट डिलाइट बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती. यंदा इंजिन, पत्रा, रंग सगळं करून घेतलं. रंग मोतिया. माघात मुलीचं लग्न आहे आणि तिची पाठवणी याच गाडीतून करायची आहे. तिला पांढऱ्या पट्ट्याचे टायर हवेत. साताऱ्यात, कराडला, पुण्यात विचारून झालं. दुकानदार म्हणतात, 'काका, आता ते कोण मागतंय?' एकाने टायरवर बसवायच्या पांढऱ्या रबरी रिंगा दाखवल्या. एक पेंटर रंगवून देतो म्हणाला. एका गॅरेजवाल्याकडे जुन्या साठ्यातले, कधीच न वापरलेले व्हाइटवॉल आहेत. भाचा म्हणतो, पांढरे पट्टे जुनाट दिसतात, काळेच ठेवा. काय करावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर: त्या गॅरेजवाल्याला आजच नाही म्हणून कळवा. न वापरलेला टायर म्हणजे नवा टायर नव्हे. रबर नुसतं पडून राहिलं तरी कडक होतं, आणि त्याची बारीक चीर दिसते त्याच्या कितीतरी आधी आतल्या थरांची पकड सुटायला लागलेली असते. असा टायर दुकानात झकास दिसतो आणि खंबाटकी घाट उतरताना तापला की फाटतो. त्या गाडीत तुमची मुलगी बसणार आहे.

टायरच्या कडेवर तारीख असते. 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे दिसतील. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2319 असेल तर 2019 सालचा तेविसावा आठवडा. चाराऐवजी तीनच आकडे असतील तर तो टायर 2000 सालाच्या आधीचा, तिथे पुढची बोलणी करूच नका. सहा वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर तो कितीही देखणा असला तरी काढून टाकावा, असं मी माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

दुकानदार तुम्हाला टाळत नाहीत, त्यांच्याकडे माल खरंच नाही. तुमच्या गाडीचं मूळ माप 5.20-14, नायलॉनचा टायर, म्हणजे आडव्या-तिडव्या दोऱ्यांच्या जुन्या बांधणीचा. डिलाइट, नंतरची प्रेसिडेंट आणि पद्मिनी, सगळ्यांचं माप हेच. हे माप बाजारात टिकलं ते तुमच्या-माझ्यासारख्या हौशी लोकांमुळे नव्हे, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे. टॅक्सीवाला टायर झिजवायचा आणि पुन्हा घ्यायचा, म्हणून दुकानदार ठेवायचा. शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 च्या ऑक्टोबरात नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर 2023 च्या ऑक्टोबरअखेरीस ती रस्त्यावरून हटली. त्याच्या कितीतरी आधीपासून टॅक्सींची संख्या घटत होती. साधा काळा टायर मिळायचे वांधे, तर पांढऱ्या पट्ट्याचा कुठून मिळणार?

म्हणून आधी टायर ठरवा. 165/80 आर 14 हे रेडियलचं, म्हणजे आजच्या गाड्यांना येणाऱ्या मऊ कडेच्या टायरचं, माप घ्या. स्विफ्टच्या साध्या मॉडेलला हेच येत असे, त्यामुळे ते कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतं आणि ताजं मिळतं. हिशेब मांडून दाखवतो: 165 मिलिमीटर रुंदीचे 80 टक्के म्हणजे 132 मिलिमीटर, ही कडेची उंची. वर आणि खाली मिळून 264. त्यात चौदा इंची रिमचे 356 मिळवा, एकूण उंची 620 मिलिमीटर. तुमचा मूळ टायर याहून थोडासा बुटका होता, पण फरक दोन टक्क्यांच्या आसपास आहे. गिअर आणि स्पीडोमीटरला तो जाणवत नाही. बसवल्यावर मात्र स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून टायर आत कुठे घासत नाही ना, हे गाडीत चार माणसं बसवून बघा.

तीन गोष्टी पंक्चरवाल्याला बजावून सांगा. एक, तुमच्या रिमा ट्यूबच्या जमान्यातल्या आहेत. आजच्या रिमेला टायर जागेवर धरून ठेवणारा जो उंचवटा असतो तो त्यांना नाही. तेव्हा टायरवर ट्यूबलेस लिहिलेलं असलं तरी आत ट्यूब घालायचीच, आणि तीही रेडियलसाठीची. दोन, चारही रेडियल घ्या आणि पाचवा स्टेपनीला. पुढे एक नायलॉन आणि एक रेडियल असं कधीही नको, ब्रेक लावला की गाडी ओढते. तीन, जुन्या रिमेचा आतला गंज घासून, रंग देऊन मगच टायर चढवा, नाहीतर गंजाच्या खपल्या ट्यूब खातात.

आता पांढऱ्या रंगाकडे येऊ. तुम्हाला दाखवलेल्या रिंगांना आमच्या धंद्यात पोर्टावॉल म्हणतात. टायर उतरवायचा, रिंग त्याच्या कडेवर ठेवायची आणि रिमेच्या ओठात दाबून परत चढवायचा. या रिंगा नायलॉन टायरच्या काळात निघाल्या. नायलॉनची कड कडक असते, फारशी हलत नाही. रेडियलची कड प्रत्येक फेऱ्याला फुगते आणि बसते, तिचा आराम त्यातच आहे. त्यावर रिंग बसवली की दोन्हींच्या मध्ये घर्षण होतं, धूळ-खडी शिरते, आणि महिन्या-दोन महिन्यांत रिंगेची धार टायरच्या कडेवर गोल चर पाडते. रेडियलची कड हा टायरचा सगळ्यात पातळ भाग. तिथली जखम कोणी भरून देत नाही, देऊही नये. वेग वाढला की रिंगेचा बाहेरचा काठ उचलला जाऊन फडफडतो तो वेगळाच.

पण पाठवणीच्या एका दिवसासाठी मी या रिंगांना नाही म्हणणार नाही. आदल्या दिवशी बसवून घ्या, गावातल्या गावात सावकाश चालवा, आठवडाभरात काढून टाका. काढल्यावर टायरची कड बोटाने फिरवून बघा. सासर लांब असेल, हायवेने जायचं असेल, तर रिंगा नकोत. तिथे रंग बरा. रंग मात्र रबरासाठी बनवलेला, वाकणारा घ्या. घराचा ऑइलपेंट दुसऱ्याच दिवशी पापडासारखा तडकतो. आधी टायर साबणाने दोनदा धुऊन पूर्ण सुकवा, पातळ हात दोन-तीन द्या. फोटोत सुरेख येतो. पावसाळ्यापर्यंत टिकेल अशी आशा धरू नका.

एक चौथा मार्ग कोणीतरी सुचवेलच: टायरची कड ग्राइंडरने घासून त्यावर पांढरं रबर चढवणं. कोल्हापूर-इचलकरंजीच्या पट्ट्यात हात इतके तयार आहेत की कोणीतरी करूनही देईल. करू नका. अमेरिकेत साउथ कॅरोलिनातल्या कॉनवे गावची डायमंड बॅक ही कंपनी नव्या रेडियलवर असंच पांढरं रबर चढवते, पण तिथे ते काम त्यासाठीच्या यंत्रांवर, खोली मोजून होतं. आपल्याकडे हाताच्या अंदाजाने घासताना रबराच्या आतला दोरा उघडा पडला की टायर गेला, आणि वर पांढरं रबर चढलेलं असल्याने तो गेलाय हे तुम्हाला दिसतही नाही.

आणि तुमचा भाचा. तो म्हणतो ते आज बरेच तरुण म्हणतात. आवडी बदलल्या आहेत. मोठ्या रिमा, बुटक्या कडांचे टायर बघत ते वाढले. कडेवर पट्ट्याला जागाच नाही अशा गाड्या त्यांना सुंदर वाटतात. त्यात वावगं काही नाही, शिवाय फियाटच्या बाबतीत त्याच्या म्हणण्याला इतिहासाचाही आधार आहे. आपल्याकडच्या बहुतेक फियाट आयुष्यभर काळ्या टायरवरच धावल्या. मोतिया रंग, चकचकीत क्रोमच्या व्हीलकॅप आणि स्वच्छ काळे टायर ही त्या गाडीची अगदी खरी शोभा आहे. माझं मत विचाराल तर: लग्नाला मुलीचं ऐका, लग्नानंतर भाच्याचं.

प्रश्न: आमच्याकडे 1951 ची शेवरोले आहे, आजोबांच्या कागदांप्रमाणे शिवडीच्या कारखान्यात जोडलेली. अमेरिकेतून व्हाइटवॉल मागवायचे आहेत. पट्टा रुंद घ्यावा की अरुंद? आमच्या ओळखीत सगळे रुंदच लावतात. आणि मुळात हा पट्टा नुसता दिखाऊ होता का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: शिवडी वाचून फार बरं वाटलं. जनरल मोटर्सने तिथे 1928 मध्ये जुळणी सुरू केली आणि 1954 मध्ये गाशा गुंडाळला. त्याच शिवडीत फायरस्टोनचा टायरचा कारखानाही होता. म्हणजे गाडी आणि टायर दोन्ही एकाच वस्तीतून निघत होती. आज तिथे दोन्ही नाहीत, पण तुमच्याकडचे कागद आहेत. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, सुती कापडात गुंडाळून ठेवा.

दिखाऊ का, याचं उत्तर आधी. सुरुवातीचे टायर सबंध पांढुरकेच असत, कारण रबरात झिंक ऑक्साइड घालत. 1910 च्या पुढे-मागे लक्षात आलं की काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळली तर रबर कितीतरी कमी झिजतं. काजळीला पैसे पडत, म्हणून ती जमिनीला लागणाऱ्या भागातच घातली आणि कडा पांढऱ्या राहिल्या. पुढे सबंध काळा टायर उंची समजला जाऊ लागला, कारण तो चिखलाने मळत नसे. नंतर वारं फिरलं आणि पांढरी कड ही श्रीमंतीची खूण झाली. आवड पालटते ती काही आज पहिल्यांदा पालटत नाहीये.

रुंदीला नियम एकच: गाडीचं साल. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला रुंद पट्टा भरात होता, अडीच-तीन इंचांपर्यंत. 1957 च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉमवर एक इंची पट्टा आला आणि 1962 च्या मॉडेलांपासून अमेरिकेत अरुंद पट्टाच सर्वत्र झाला. तेव्हा तुमच्या शेवरोलेला रुंद पट्टा शोभतो. पण आपल्या रॅलींत मी 1965 च्या इंपालावर तीन इंची पांढरा बघतो, तेव्हा वाईट वाटतं. मालकाने खर्च केलेला असतो, मनापासून केलेला असतो, आणि कोणी त्याला साल विचारलेलंच नसतं.

तुमच्याबाबतीत आणखी एक विचार मांडतो. कोरियन युद्धाच्या दिवसांत कच्च्या मालाची टंचाई झाली आणि व्हाइटवॉल अमेरिकेतच मिळेनासे झाले. तुमची गाडी नेमकी त्या सुमाराची. आजोबांचा एखादा फोटो असेल तर भिंग घेऊन चाकं बघा. काळी असतील तर काळी ठेवण्यात कमीपणा नाही, उलट तीच तुमच्या गाडीची ओळख. कोणी परीक्षक हरकत घेऊ लागला तर फोटो पुढे करा.

आता मागवण्याबद्दल. तुमचं माप 6.70-15. टेनेसीतल्या चॅटनूगा गावची कोकर टायर ही कंपनी 1958 पासून आहे आणि जुन्या नमुन्याचे टायर नव्याने बनवून विकते. हे माप त्यांच्याकडे नायलॉनसारख्या आडव्या-तिडव्या बांधणीतही मिळतं आणि वरून जुनं, आतून रेडियल असंही. तुम्हाला गाडी पुण्या-नाशिकला चालवायची असेल तर रेडियल. आडव्या बांधणीचा टायर रस्त्यावरच्या प्रत्येक चरीमागे जातो आणि स्टिअरिंग सतत सांभाळावं लागतं. गाडी फक्त प्रदर्शनात न्यायची असेल तर जुनीच बांधणी दिसायला अचूक.

खरा अडथळा टायरच्या किमतीचा नाही, कस्टम्सचा आहे. मोटारीच्या टायरवर आपल्याकडे आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, त्याचा आदेश 2009 चा. शिवाय 12 जून 2020 ला सरकारने नव्या टायरची आयात 'मुक्त' यादीतून काढून 'प्रतिबंधित' यादीत टाकली, म्हणजे परदेशी व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो. हे नियम चिनी स्वस्त टायर डोळ्यांपुढे ठेवून झाले असतील, पण त्यांच्या जाळ्यात आपले चार हौशी टायरही अडकतात. म्हणून पैसे पाठवण्याआधी कस्टम्सच्या एजंटाकडून लेखी घ्या, तोंडी नको. 'पाठवा, बघून घेऊ' म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. बंदरात अडकलेल्या टायरचं भाडं रोज चढतं आणि टायरचं वयही. मुंबईतल्या विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियासारख्या संस्थांचे सभासद व्हा. एकेकट्याने धडपडण्यापेक्षा एकाच मापाच्या पाच-सहा मालकांनी मिळून परवान्याचा अर्ज करणं केव्हाही शहाणपणाचं. माझी मनापासून इच्छा आहे की पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना 2021 मध्ये 'व्हीए' मालिकेची वेगळी नोंदणी दिली, तशीच त्यांच्या टायरलाही आयातीत वेगळी सवलत मिळावी. गाडी जपा म्हणायचं आणि तिची चाकं अडवायची, हे जुळत नाही.

हौसेने कोणी 6.00-16 चा टायर सुचवला तर सावध राहा. ते माप युद्धाआधीच्या बऱ्याच फोर्ड-शेवरोलेंचं होतं आणि जीपमुळे ते आपल्याकडे अजून बनतं, पण तुमची रिम पंधराची आहे. ज्यांची खरंच सोळाची आहे त्यांनीही जीपचाच टायर घ्यावा. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचाही टायर त्याच मापात येतो आणि स्वस्त पडतो. तो शेतातल्या वेगासाठी बनलेला आहे, डांबरी रस्त्यासाठी नाही.

प्रश्न: सासऱ्यांच्या 1963 च्या स्टँडर्ड हेराल्डला भावाने इंग्लंडहून येताना आणलेले व्हाइटवॉल लावले आहेत. वर्षभरात पट्टे चहाच्या रंगाचे झाले. ब्लीचने धुऊ का?
– एक वाचिका, नाशिक

उत्तर: ब्लीच नको. ते रबर कोरडं करतं आणि चिरा पडतात.

पट्टा तपकिरी होतो तो बहुधा आतून. काळ्या रबरात ऊन आणि ओझोन यांपासून वाचवणारी द्रव्यं घातलेली असतात. ती हळूहळू पृष्ठभागाकडे येतात, तेच त्यांचं काम. काळ्यात ती दिसत नाहीत, पांढऱ्यात डाग होऊन दिसतात. चांगला कारखाना मध्ये अडसराचा थर देतो, तरी थोडं झिरपतंच.

पण मला शंका आहे ती वॉशिंग सेंटरची. गाडी धुऊन झाल्यावर खालून डिझेल फवारतात ना? ते उडून टायरवर बसतं, काळ्या रबरातली द्रव्यं सोडवतं आणि पांढऱ्यावर पसरवतं. चकाकीसाठी लावतात त्या तेलकट टायर पॉलिशचंही तसंच. दोन्ही बंद करा, धुणाऱ्या मुलाला समोर उभं राहून सांगा. पट्टा अंगाच्या साबणाने आणि मऊ ब्रशने धुवा. डाग राहिला तर भांडी घासायची साबणाची बारीक तारेची घासणी ओली करून, फक्त पांढऱ्यावर, गोल गोल, हलक्या हाताने फिरवा. वरचा डागाळलेला पापुद्रा निघतो आणि खालचं पांढरं दिसतं. वर्षातून एक-दोनदाच.

टायर काढून ठेवणार असाल तर एकावर एक रचताना पांढरी बाजू पांढऱ्या बाजूला लावा. काळ्यावर पांढरं ठेवलं की एका उन्हाळ्यात डाग. नव्या व्हाइटवॉलवर निळा लेप असतो, तो गाडी उन्हात काढण्याआधी कोमट पाण्याने धुऊन टाकायचा. ठेवून दिला तर निळसर झाक पट्ट्यातच मुरते.

प्रश्न: न्यू जर्सीत राहतो. 1966 ची मस्टँग घेतली, तिला अरुंद व्हाइटवॉल आहेत. इथल्या मित्रांना ते आजोबांच्या गाडीसारखे वाटतात, ते काळे लावायला सांगतात. मी अजून ठरवलेलं नाही. विकायची वेळ आली तर नुकसान होईल का?
– एक वाचक, एडिसन

उत्तर: तुमच्या गाडीच्या सालाला अरुंद पट्टाच बरोबर, तो काढायचं काही कारण नाही. मूळ माप 6.95-14, त्याला आज 195/75 आर 14 चालतो. तुमच्याकडे हा टायर मिळणं आमच्यापेक्षा पुष्कळ सोपं आहे, पण मोठ्या कंपन्यांनी चौदा-पंधरा इंची व्हाइटवॉल हळूहळू कमी केले आहेत. पुढचा संच लागेल तेव्हा जुन्या गाड्यांच्या खास दुकानातून, अधिक दाम देऊन घ्यावा लागेल, हे धरून चला.

मन ठरत नसेल तर एक सोपी गोष्ट करा. साध्या अरुंद व्हाइटवॉलला पांढरं एकाच बाजूला असतं. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल आणि बाहेरची बाजू अमुकच अशी खूण नसेल, तर तो उलटा चढवता येतो: पांढरं आत, काळं बाहेर. तिथे अनेक जण असं करतात. घेणाऱ्याला पांढरं हवं असेल तर दुकानात अर्ध्या दिवसाचं काम. बॅलन्सिंग मात्र पुन्हा करायचं.

प्रश्न: स्टेपनीलाही व्हाइटवॉल घ्यावा का? ती तर डिकीत असते.
– एक वाचक, सांगली

उत्तर: घ्यावा, आणि बाकीच्या चारांसोबतच घ्यावा, कारण नंतर तोच पट्टा, तीच रुंदी मिळेलच असं नाही. तो डिकीत नुसता ठेवू नका. सहा महिन्यांनी चाकं बदलताना त्यालाही फेरीत घ्या, म्हणजे पाचही सारखे झिजतील. गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर ती लाकडी ठोकळ्यांवर घ्या, किंवा निदान पंधरवड्याने थोडी पुढे-मागे करा. नायलॉन टायर एकाच जागी दबून सपाट होतो आणि मग पहिले काही किलोमीटर गाडी ठकठक करत जाते. स्टेपनीतली हवा बघायची राहून जाते. ती चाकांपेक्षा थोडी जास्तच भरून ठेवा, लागेल तेव्हा कमी करता येते.